दोन इंचांची झाळ

“वेल्डिंग,” ती तिसऱ्यांदा म्हणाली.

टेबलापलीकडे बसलेल्या कॅप्टनने यादीवरून पेन सरकवत पुन्हा वर पाहिलं. “तसं नाही गं. तुला जमेल असं काहीतरी सांग. पोस्टर आहे, डिझाइन आहे. कंपन्यांना मदतीसाठी पत्रं लिहायची असतात, त्यात अक्षर चांगलं असेल तर...”

“अक्षर वाईट आहे माझं. वेल्डिंग.”

मागच्या रांगेतली पोरं हसली. कॅप्टनही हसला, पण वाईट अर्थाने नाही. तो शेवटच्या वर्षाला होता, चार वर्षं याच क्लबात घालवलेला. कॉलेजचा हा गाडी क्लब दरवर्षी लोखंडी नळ्यांची एक एकसीटी गाडी बांधायचा आणि इतर कॉलेजांच्या गाड्यांबरोबर खाचखळग्यांच्या मैदानावर पळवायचा. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बासष्ट जण होते, त्यांत नऊ मुली, आणि त्या दिवशी क्लबात नाव घालायला आलेल्या दोनच.

वेल्डिंगचं तिच्या डोक्यात पहिल्या वर्षी बसलं होतं. वर्कशॉपच्या तासाला प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं मशीन मिळालं होतं. काळ्या काचेआडून तिने दोन पत्र्यांच्या कडा वितळून एक होताना पाहिल्या, आणि तेवढ्यात पुढच्याने खांद्यावर टकटक केलं. तिची दहा मिनिटं संपली होती. हे आपल्याला आलं पाहिजे, एवढंच तेव्हापासून तिच्या मनात होतं.

“वेल्डिंगला तीन जण आहेत आधीच,” कॅप्टन म्हणाला. “सुरक्षा विभाग रिकामा आहे. घेतेस?”

सुरक्षा विभाग म्हणजे एक निळी फाइल आणि आग विझवायचं एक लाल नळकांडं. फाइलमध्ये तक्ते भरायचे, गाडी बाहेर काढण्याआधी तपासायची आणि खाली सही करायची. सुरक्षा प्रमुखाच्या सहीशिवाय गाडी मैदानात जात नाही असा स्पर्धेचा नियम होता, म्हणून कोणाचं तरी नाव लागायचं. गेल्या वर्षी ज्याचं होतं, त्याने सगळ्या सह्या एकाच बैठकीत करून ठेवल्या होत्या.

तिने घेतला. नाही घेतला तर वर्कशॉपच्या दारातसुद्धा उभं राहता आलं नसतं.

क्लबात कोणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. इंजिन बघणारा तो इंजिन, चाकं बघणारा तो चाक. तिच्याबरोबर आलेल्या मुलीला जाहिरातीचं काम मिळालं, ती पोस्टर झाली. आणि ही झाली फाइल.

*

“या क्लबाचे मार्क मिळतात का?” वडिलांनी विचारलं. ते औषधाच्या दुकानात काउंटरवर असत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट कशावर लागू पडते ते माहीत असायला हवं असे.

“नाही.”

“मग पुढे नोकरीला?”

“पडेल उपयोग. सांगता येत नाही.”

“म्हणजे हौस.”

“हौस तर हौस,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “पोरगा असता तर विचारलं असतंत का? घरी कधी येणार, एवढं सांगत जा गं.”

आई शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा. शिवण ओढून बघायची, टाका सुटलेला दिसला की शर्ट बाजूला फेकायची. लाइनवरच्या बायका तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं.

“मला वेल्डिंग पाहिजे होतं,” मुलगी कट्ट्याला टेकून म्हणाली. “फाइल दिली.”

“मलाही मशीनवर बसायचं होतं. चेकिंगला बसवलं.” आईने गॅस बारीक केला. “दिलीच आहे फाइल, तर वाच. आजवर कोणी वाचली नसेल.”

आईचं खरं निघालं. फाइलमधलं नियमांचं पुस्तक एकशे चाळीस पानांचं होतं, आणि क्लबातल्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. तिने ते दोनदा वाचलं. मग ती गाडीभोवती फिरायला लागली. हेल्मेटची मुदत संपलेली, एका नळीचं तोंड धारदार राहिलेलं, चालकाच्या पट्ट्याचा बोल्ट एक सूत छोटा. महिन्याभरात असं झालं की ती दारात दिसली की कोणीतरी ओरडे, “फाइल आली, लपवा रे!” ती हसायची आणि लपवलेलं शोधून काढायची.

दुपारच्या सुट्टीत पोरं कँटीनला गेली की ती वर्कशॉपच्या मास्तरांकडे जायची. मास्तर तिथे तीस वर्षं होते. बोलणं मोजून मापून.

“मला शिकवाल का?”

“काय?”

“वेल्डिंग. मुलींना शिकवत नाही असं म्हणतात तुमच्याबद्दल.”

“कोण म्हणतं? आलंच नव्हतं कोणी.” त्यांनी भंगारातला एक पत्रा तिच्यापुढे टाकला. “यावर सरळ रेघा मार. शंभर झाल्या की मला बोलाव.”

शंभर रेघांना तीन आठवडे लागले. मास्तर जवळ येऊन बघत नसत. ते खुर्चीत डोळे मिटून ऐकत. “कढईत काहीतरी तळतंय असा आवाज आला पाहिजे. आता तुझं फुटाणे फुटल्यासारखं येतंय. हात जवळ घे.” मनगटावर एक चटका बसला, मग दुसरा. एकदा त्यांनी तिला झाळ, म्हणजे वेल्डिंगचा सांधा, तपासायची त्यांची जुनी पद्धत दाखवली. झाळीवर रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची पूड चोळायची आणि थांबायचं. आत केसाएवढी जरी चीर असली, तरी तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते.

“मशिनी आल्यात आता यासाठी,” मास्तर म्हणाले. “पण मशीन नसेल तिथे खडू असतो.”

गाडी जुळवायच्या आठवड्यात वेल्डिंगचे दोघं तापाने आडवे झाले आणि तिसऱ्याची परीक्षा होती. ब्रेकच्या पेडलचा ब्रॅकेट, म्हणजे ज्याच्यावर पेडल बसतं तो लोखंडी तुकडा, सांगाड्याला जोडायचा राहिला होता. दोन इंचांची झाळ.

“ही करेल,” मास्तर म्हणाले, आणि जेवायला गेले.

तिने केली. स्टिअरिंगचा दांडा आधीच बसवलेला होता, त्याच्या खालून हात घालावा लागत होता. दीड इंच छान गेलं, तळणीचा आवाज येत होता. शेवटच्या अर्ध्या इंचाला कोपर दांड्याला अडलं, मनगट वाकडं झालं, ठिणगी तुटली. तिने पुन्हा सुरू करून ते भरून टाकलं. वरून बघितलं तर नीट दिसत होतं. कॅप्टनने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “अरे वा, फाइल!” मग कोणीतरी काळा रंग मारला.

रॉकेल आणि खडू हाताशी होते. पण मागे सगळे खोळंबले होते, आणि ‘अरे वा’ अजून कानात होतं. तिने तक्त्यात ‘तपासले’ लिहिलं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत ती आपल्याच मनगटाकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाचं होतं.

*

स्पर्धा तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी परीक्षकांनी गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली, ब्रेकची चाचणी घेतली, चारही चाकं जागच्या जागी थांबली आणि पुढच्या नळीवर पास झाल्याचं स्टिकर लागलं. दुसऱ्या दिवशी चढ आणि खड्डे. गाडी सातव्या नंबरावर होती. क्लबाच्या इतिहासात एवढ्या वर कोणी गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते एक, सलग चार तासांची मुख्य शर्यत. सातला ती टॉर्च घेऊन चालकाच्या जागेत आडवी झाली. स्टिकर लागलं होतं, परीक्षक आता फक्त तिची सही बघणार होते. बोल्ट, पट्टे, नळ्या, सगळं जागेवर होतं. मग पेडलच्या बुडाशी रंगाचा एक पापुद्रा निघालेला दिसला. तिने नख फिरवलं. नख अडकलं.

मेकॅनिकच्या तंबूतून तिने बाटलीच्या झाकणात रॉकेल आणलं आणि गुणफलकाच्या खालचा खडूचा तुकडा उचलला. पुसलं, पूड चोळली आणि थांबली. मिनिटभराने पांढऱ्यावर काळी रेघ उमटायला लागली. अर्ध्या इंचाची. शेवटचा अर्धा इंच.

ती तशीच पडून राहिली. बाहेर पोस्टर फोटोसाठी सगळ्यांना गोळा करत होती. पूड पुसून टाकली असती, तर जगात कोणाला कळलं नसतं. आणि तिला गाडीच्या आधी, ब्रेकच्या आधी, ती झाळ कोणाची हेच आठवलं होतं. याची लाज तिला नंतर बरेच दिवस वाटत राहिली.

“फाइल, सही!” कॅप्टन चालकाचा पोशाख घालून आला होता. हेल्मेट काखेत. आज पहिले दोन तास तोच चालवणार होता. समोरच्या बाकावर त्याचे वडील बसले होते. कामावरून अर्धा दिवस सुटी काढून, बसने तीन तास प्रवास करून ते मुलाला बघायला आले होते.

“नाही करत,” ती बाहेर येत म्हणाली.

“काय?”

“ब्रेकच्या ब्रॅकेटला तडा गेलाय.”

कॅप्टनने वाकून पाहिलं. “हा? हा रंगाचा आहे.”

“रंगाचा नाही. झाळीचा आहे. माझ्या.”

सगळे गोळा झाले. इंजिन पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं. “तरी म्हणत होतो, मुलीच्या हातात मशीन देऊ नका.”

“मुलीच्या नाही, माझ्या हातून चुकलंय,” ती म्हणाली. “शेवटच्या अर्ध्या इंचात. तेव्हाच मला शंका आली होती. तपासायला पाहिजे होतं, मी न तपासता लिहिलं.”

कॅप्टनने तिला बाजूला घेतलं. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो हळू बोलला. “हे बघ, काल दिवसभर धरलं ना? आज चार तास धरेल. माझं शेवटचं वर्ष आहे. चार वर्षं याच्यासाठी घासलीत मी.”

“धरेलही.”

“मग?”

“धरेलही म्हणून सही करू? आत तू बसणारेस.”

“मी बसणारे ना? मग माझी जबाबदारी. मी दुसऱ्या कोणाला तरी सुरक्षा प्रमुख करतो. नियमात बसतं.”

“बसतं. पान एकशे बारा.” तिने फाइल पुढे केली. “कर. पण मग मी परीक्षकांच्या टेबलावर जाऊन सांगेन.”

“आपल्याच टीमविरुद्ध?”

फाइल तिने पुढेच धरून ठेवली. कॅप्टनने पायाशी पडलेल्या जॅकला लाथ मारली, तो खणखणत लांब गेला. बाकावरचे त्याचे वडील उठून उभे राहिले.

टीमबरोबर आलेले मास्तर एवढा वेळ खोक्यावर बसून चहा पीत होते, ते तेव्हा उठले. चष्मा लावला, गाडीत वाकले, आणि कॅप्टनला म्हणाले, “इकडे ये. मी पेडल दाबतो. तू रेघेकडे बघ.”

त्यांनी पेडल जोरात दाबलं. रेघ उघडली. सोडलं, मिटली. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडली.

कॅप्टनने हेल्मेट खाली ठेवलं. “किती वेळ लागेल?” त्याने विचारलं.

“अडीच तास. बोलण्यात वीस मिनिटं गेली,” मास्तर म्हणाले.

“वेल्डिंगच्या तंबूतल्या माणसाला बोलावतो.”

“त्याच्यापुढे आठ गाड्यांची रांग आहे. दुसरं मशीन रिकामं आहे.” मास्तरांनी मानेनेच तिच्याकडे खूण केली. “ही करेल.”

“पुन्हा हीच?”

“कुठे चुकलं ते हिलाच माहीत आहे.”

*

“स्टिअरिंगचा दांडा काढा,” तिने पहिलं हे सांगितलं. त्यात वीस मिनिटं जाणार होती. इंजिनने तोंड उघडलं, मास्तरांकडे पाहिलं आणि पाना उचलला.

पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी सोडवली, गाडी ढकलत तंबूत नेली. पोस्टर फोटो काढायचं सोडून लाल नळकांडं घेऊन शेजारी उभी राहिली. तिने आपली जुनी झाळ ग्राइंडरने पूर्ण उडवली, नुसता शेवटचा अर्धा इंच नाही, सगळी. चांगला गेलेला दीड इंचसुद्धा. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं. नऊ वाजले तेव्हा मैदानावर झेंडा पडला आणि तीस गाड्या गर्जत निघाल्या. तंबूचं कापड थरथरलं. कोणी वर पाहिलं नाही.

तिने काच खाली ओढली. या वेळी कोपराला जागा होती. मास्तर पाठमोरे उभे होते, ऐकत. तळणीचा आवाज सुरू झाला आणि दोन इंच संपेपर्यंत तुटला नाही.

“थंड होऊ दे आपली आपण. पाणी मारू नका,” एवढंच ते म्हणाले.

मग रॉकेल, मग खडू. या वेळी दहा जण वाकून बघत होते. दोन मिनिटं झाली, पाच झाली. पूड पांढरीच राहिली.

पुढचं काम चेंगट होतं. दांडा बसवायचा, टाकी चढवायची, ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. पोस्टर पेडलवर बसली आणि ती चाकापाशी. “दाब. धर. सोड. दाब. धर. सोड.” आधी हवा निघेना, मग निघाली. परीक्षकांना पुन्हा चाचणी घ्यायला बोलवावं लागलं, त्यांना यायला वेळ लागला. चारही चाकं जागच्या जागी थांबली. तिने सही केली तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बारा वाजता कॅप्टनचे वडील उठले होते. त्यांना दुपारनंतर कामावर पोचायचं होतं. ते तंबूपर्यंत आले, मुलगा गाडीखाली आहे हे बघून थोडे रेंगाळले, आणि त्याचे बाहेर आलेले बूट बघून परत गेले. तिने ते पाहिलं. हाक मारायला हवी होती, पण तिच्या हातात ब्रेकची नळी होती, आणि ती सोडली असती तर हवा पुन्हा आत गेली असती.

शर्यतीची पंचावन्न मिनिटं उरली होती. कॅप्टनने सतरा फेऱ्या मारल्या. शेवटच्या वळणावर पुढची एक गाडी उलटून आडवी झाली, धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा त्यांची एकेचाळीस नंबरची गाडी त्या गाडीपासून दोन हातांवर उभी होती. ती मागे आली, वळली आणि पुढे निघाली. परत आल्यावर कॅप्टन इंजिनबद्दल बोलला, चाकांबद्दल बोलला. ब्रेकबद्दल काही बोलला नाही. चालणाऱ्या ब्रेकबद्दल कोण बोलतं?

एकतीस गाड्यांत त्यांची एकोणतिसावी आली.

ट्रकवर गाडी बांधताना दोरीचं एक टोक कॅप्टनकडे होतं, दुसरं तिच्याकडे.

“तुझे बाबा...” ती म्हणाली.

“हो. बघितलं नाही त्यांनी.” त्याने गाठ आवळली. “माझा राग गेलेला नाहीये.”

“बरोबर आहे.”

“जाईल. पण आत्ता नाही.” मग बराच वेळ तो दुसऱ्या गाठीशी झटत राहिला. “पुढच्या वर्षी वेल्डिंगला तुझं नाव लिहून ठेवलंय. यादी मीच करतो, त्यामुळे विचारलं नाही कोणाला.”

*

ट्रक शहरात शिरला तेव्हा पाच वाजत आले होते. शर्टांचा कारखाना वाटेतच होता, पाळी सुटायची वेळ झाली होती. तिने ट्रक थांबवायला लावला आणि उतरली. सकाळचं सगळं आईला फोनवर आधीच सांगून झालं होतं. आईने मध्ये एकदाही तोडलं नव्हतं. शेवटी फक्त विचारलं होतं, “जेवलीस का?”

फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर आला. आईच्या मागोमाग लाइनवरच्या चार-पाच जणी होत्या.

“अगं, हीच का तुझी गाडीवाली?” एकीने विचारलं. “कितवा नंबर आला गं?”

तिने आईकडे पाहिलं. मुलीच्या गालावर काजळी होती, नखं काळी, बाहीला भोक पडलेलं.

“शेवटून तिसरा,” आईने सांगितलं. चांगलं मोठ्याने, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू जाईल असं. “तीन तास हिनेच गाडी अडवून धरली होती. स्वतःच्याच कामात खोट काढली.”

दुसरी म्हणाली, “मग... वाईट वाटलं असेल नाही पोरांना?”

“वाटणारच,” आई म्हणाली.

तिने मुलीचा चटके पडलेला हात हातात घेतला. रोज आई घोळक्याला वळसा घालून कडेकडेने घरी जायची. आज ती मधूनच निघाली, आणि बायकांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट दिली.